पाऊस आला, म्हणून खेळ बंद?

दसरा उलटला की आमच्या मेसबाहेरच्या फळ्यावर खडूने दोन शब्द लिहिले जातात : 'नो गेम्स'. खाली तारीख असते. कधी तीही नसते, कारण कालचेच शब्द आज चालून जातात. दुपारी तीनला चार थेंब पडले तरी फळा भरतो. साडेचारला ते चार थेंबही वाळलेले असतात आणि आम्ही सगळे खाटांवर बसून एका कॅरम बोर्डासाठी नंबर लावत असतो. हे मला पटत नाही. पण "सैनिकाला कसला आलाय पाऊस, चला मैदानावर" हेही मला पटत नाही, म्हणून हा लेख जरा लांबला आहे.

महाराष्ट्रातल्या आई-बाबांसाठी आधी इथल्या पावसाबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकत्र सुरू होतात आणि दसऱ्याला पाऊस निरोप घेतो. चेन्नईत उलटं आहे. इथला मुख्य पाऊस ईशान्येकडून येतो, साधारण २० ऑक्टोबरच्या सुमारास. वर्षभरात इथे सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. ऐप्पसी या तमिळ महिन्यातल्या न थांबणाऱ्या पावसाला मेसमधले अण्णा 'अडै मळै' म्हणतात. तो सुरू झाला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, शहरातली मुलं खूश होतात. आम्हा हॉस्टेलवाल्यांना सुट्टी मिळून आम्ही जाणार कुठे? डॉर्मिटरीतून मेसमध्ये आणि मेसमधून डॉर्मिटरीत.

आणि हेच तीन महिने आमच्या इंटर-हाउस फुटबॉलचेही असतात. म्हणून प्रश्न खरा आहे.

या बाबतीत आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एक आयांचा. रविवारी फोनवर पहिला प्रश्न "जेवलास का?" आणि दुसरा "भिजला नाहीस ना?" दुसरा पक्ष उस्तादांचा. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे : "साखरेचे आहात का रे, विरघळाल?" (आमचे ड्रिलचे उस्ताद साताऱ्याकडचे आहेत, त्यामुळे हे वाक्य मराठीतच येतं आणि तमिळ मुलांनाही आता पाठ झालं आहे.)

आयांच्या पक्षाचं मुख्य म्हणणं असं की भिजलं की सर्दी होते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते माणसाकडून माणसाकडे जातात. पावसाचं पाणी आत येतं म्हणून खिडक्या बंद करून एका खोलीत चाळीस मुलं बसवली, तर एकाची शिंक चाळिसांना मिळते. मोकळ्या मैदानावर तेवढी मिळत नाही. शिवाय चेन्नईत नोव्हेंबरात रात्रीसुद्धा पारा बावीस-तेवीसच्या खाली फारसा जात नाही. एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये इथे अडतीस-चाळीस अंशांत आम्ही धावतो तेव्हा फळ्यावर कुणी काही लिहीत नाही. मला तर खेळायला वर्षातली सगळ्यात चांगली हवा रिमझिम पावसाची वाटते.

पण थंडी, पाऊस आणि वारा तिन्ही एकत्र आले तर गोष्ट वेगळी होते. ओले कपडे अंगातली ऊब फार लवकर ओढून घेतात आणि वारा ते काम आणखी वाढवतो. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत चालू असताना अचानक गार पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुटला. एकवीस धावपटू दगावले. त्यांत नावाजलेले धावपटू होते. त्यामुळे जे मित्र पुढे उटी किंवा डेहराडूनच्या कॅम्पला जाणार आहेत, त्यांच्या आईने काळजी केली तर हसू नये. चेन्नईत मात्र या तिघांतला एकटा पाऊसच बहुतेक दिवशी असतो. वादळ येतं तेव्हा वाराही येतो, पण तेव्हा खेळायचं कुणाच्या मनातच नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळात शहरातले रस्ते पाण्याखाली गेले होते, तेव्हा मैदानाचा विषयच नव्हता.

आता उस्तादांचा पक्ष. ते पन्हाळगडाचं उदाहरण देतात. जुलै १६६०, मुसळधार पाऊस, रात्र, विशाळगडाची वाट, घोडखिंडीत बाजीप्रभू. याच्यापुढे फुटबॉलची काय कथा? मला या उदाहरणाबद्दल खूप आदर आहे आणि म्हणूनच ते अर्धवट वापरलेलं आवडत नाही. त्या रात्री पाऊस आणि अंधार महाराजांच्या उपयोगाचा होता. वेढा ढिला पडला होता, आणि निघायचा निर्णय विचार करून घेतलेला होता. एरवी मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. घोड्यांना चारा, नद्यांना उतार, वाटेतला चिखल, सगळ्याचा हिशेब त्यात होता. म्हणजे पावसात थांबणं हेही लढणाऱ्यांचंच शहाणपण आहे आणि पावसात निघणं हेही. कधी काय करायचं, ते ठरवणारा माणूस लागतो.

दुसरं उदाहरण खेळातलंच घ्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची हॉकीची फायनल १४ ऑगस्टला होती. पावसामुळे ती एक दिवस पुढे गेली. १५ ऑगस्टला भारताने जर्मनीला ८-१ असं हरवलं. कप्तान ध्यानचंद लष्करातलेच होते. तो एक दिवस थांबले म्हणून त्यांना साखरेचे कुणी म्हटलं नाही. आणि इथल्याच चेपॉकवर ऑक्टोबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत शेवटच्या दिवशी भारताला जिंकायला २१० धावा हव्या होत्या, दहाच्या दहा गडी हातात होते आणि दिवसभर पावसाने एक चेंडू टाकू दिला नाही. माझे बाबा अजून हळहळतात. म्हणतात, तो सामना जिंकला असता तर पुढे नागपूरचं एवढं लागलं नसतं. पूर्वी चेन्नईची कसोटी पोंगलच्या सुमारास ठेवायचे, त्यामागे इथलं आभाळ ओळखून असलेल्या माणसांचा हात असणार असं मला वाटतं.

क्रिकेटच्या नियमांत एक छान गोष्ट आहे. गवत आणि चेंडू नुसते ओले आहेत एवढ्यावरून मैदान धोकादायक ठरत नाही. पण खेळाडूला किंवा पंचाला इजा होण्याची खरी शक्यता दिसली तर पंचांनी खेळ थांबवायचा. ओलं वेगळं आणि धोक्याचं वेगळं. हॉकीच्या कृत्रिम टर्फवर तर सामन्याआधी मुद्दाम पाणी मारतात. एग्मोरच्या स्टेडियमवर ऑगस्ट २०२३ मध्ये भारताने मलेशियाला ४-३ ने हरवून एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, ती अशाच ओल्या टर्फवर.

मग धोक्याचं काय, ते सांगतो.

पहिली वीज. इथे माझं मत पूर्णपणे 'नो गेम्स'वाल्यांच्या बाजूचं आहे, किंबहुना ते पुरेसे कडक नाहीत. चेन्नईत सप्टेंबर-ऑक्टोबरात ढग गडगडतात ते नेमके संध्याकाळी, म्हणजे गेम्स पिरियडलाच. आपल्याकडच्या वळवाच्या पावसासारखं. भारतात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, त्यामुळे तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. एवढ्या अंतरावरून ती आपल्यावर पडू शकते, डोक्यावर पाऊस नसला तरी. तेव्हा मैदान सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत यायचं नाही. चिंचेच्या झाडाखाली उभं राहायचं नाही. आमच्या पत्र्याच्या उघड्या पॅव्हिलियनमध्येसुद्धा नाही, कारण त्याला भिंती नाहीत. पक्क्या इमारतीत जायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेलं 'दामिनी' नावाचं ॲप आसपास वीज पडते आहे का ते दाखवतं. आम्हाला मोबाइल नसतो, सरांकडे असतो.

गंमत अशी की गडगडाट होतो पण पाऊस नसतो, अशा दिवशी आमचा फळा कोरा राहतो. रिमझिम असते, आभाळ शांत असतं, त्या दिवशी तो भरतो. नेमकं उलटं.

दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. पावसाचं पाणी आणि गटाराचं पाणी दिसायला सारखंच असतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या लघवीतले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. फुटबॉल खेळणाऱ्याच्या नडगीवर खरचटलेलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. त्यामुळे नाल्याच्या बाजूच्या कोपऱ्यात पाणी उभं असेल तर त्या दिवशी त्या मैदानावर खेळ नाही. तिसरा धोका सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टाचा. त्यावर हिरवं शेवाळ धरलं की हाड मोडतंच, आणि तरीही पावसात "मैदान नको, कोर्टावर खेळा" असा सल्ला दिला जातो. मऊ गवतावर पडलेला मुलगा हसत उठतो, सिमेंटवर पडलेला एमआय रूममध्ये जातो.

हे तपासायला फार काही लागत नाही. साडेतीनला कुणीतरी मैदानावर चालत जावं, टाच दाबून बघावी, बॉल गुडघ्याच्या उंचीवरून टाकावा. उसळला आणि लोळला तर खेळावं. थपकन बसला तर नाही. मेसच्या पायरीवरून ढगांकडे बघून हे कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल दोन्ही पक्ष बोलत नाहीत. गेल्या वर्षी पावसात झालेल्या एका हाउस मॅचला सहावीतला एक मुलगा सकाळपासून कणकण असताना खेळला. त्याच्या कप्तानाने आदल्या दिवशी मॅच नको म्हणणाऱ्या एकाला सगळ्यांसमोर 'साखर' म्हटलं होतं आणि ते नाव त्याला आठवडाभर चिकटलं होतं. म्हणून हा काही बोलला नाही. हाफटाइमला त्याचे ओठ थरथरत होते, तरी तो "फाइन सर" म्हणाला. रात्री ताप १०३ वर गेला आणि चार दिवस तो एमआय रूममध्ये होता. पावसाने त्याला ताप आणला नाही, तो सकाळीच होता. पण अकरा वर्षांच्या मुलाला 'मला बरं नाही' हे म्हणता येत नसेल, तर पावसात खेळावं की नाही यावर मोठ्यांनी कितीही चर्चा केली तरी त्याला त्याचा काय उपयोग? घरी आईच्या लक्षात येतं. इथे डोळे बघून ओळखणारं कुणी नसतं, तिथे विचारावं लागतं, आणि फॉल-इनमध्ये सगळ्यांसमोर विचारून चालत नाही. आमच्या हाउसमध्ये यंदा मॅचआधी दोन सीनिअर ज्युनिअर्सना एकेकटं विचारतात आणि ज्याचं नाव कमी होतं त्याचं कारण फळ्यावर लिहीत नाहीत. एवढंच केलं आहे. आतापर्यंत दोघांनी नाही म्हटलं. दोघंही पुढच्या मॅचला खेळले, आणि त्यातल्या एकाने गोलही केला.

भिजण्यापेक्षा ओलं राहणं वाईट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय ओल्या मोज्यांमुळे सडले, तेव्हा रोज मोजे बदलायचे, पाय कोरडे करून तेल चोळायचं आणि अधिकाऱ्यांनी स्वतः पाय तपासायचे असा हुकूम निघाला. आमच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या खेळताना होत नाहीत. काल भिजलेला कॅनव्हास बूट आज सकाळी पीटीला तसाच ओला घालावा लागतो म्हणून होतात. चेन्नईच्या दमट हवेत नोव्हेंबरात बूट दोन दिवस वाळत नाही. मागच्या बाजूची जुनी स्टोअररूम रिकामी आहे. तिथे दोऱ्या बांधून दोन मोठे पंखे लावले आणि खेळानंतर मेसमधून गरम चहा मिळाला, तर नोव्हेंबरातल्या निम्म्या संध्याकाळी आम्ही आनंदाने भिजू. स्पोर्ट्स कमिटीकडे आम्ही तसा अर्ज दिला आहे.

तोवर आई-बाबांना एक विनंती. दिवाळीच्या पार्सलमध्ये मफलर नको, इथे लागत नाही. सुती मोज्यांचे चार जोड आणि जुनी वर्तमानपत्रं पाठवा. ओल्या बुटात कागदाचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत बरंच पाणी ओढलं जातं. इंग्रजी पेपर इथेही मिळतो, पण मराठी पाठवलात तर कोंबायच्या आधी वाचता येईल.