विमान, त्याचा कर्ता आणि त्याची सही

घरी बांधलेले विमान ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास थट्टेची वाटण्याचा संभव आहे. माणसाने घर बांधावे, फार तर होडी बांधावी. विमान मात्र कारखान्यात आणि सरकारी देखरेखीखालीच जन्माला यावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेत गॅरेजांतून आणि शाळांच्या कार्यशाळांतून हौशी माणसांनी बांधलेली विमाने हजारोंनी उडत आहेत. त्यांत एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेल्या 'बायप्लेन'ला मानाचे स्थान आहे. कर्टिस पिट्स यांचे चिमुकले 'पिट्स स्पेशल' १९४४ साली प्रथम उडाले, आणि पुढे त्याचे आराखडे घेऊन अनेकांनी तसे विमान घरी बांधले. डेन्व्हर येथील एका हायस्कुलात विमानविद्या शिकविणारे लामार स्टीन यांनी 'स्कायबोल्ट' रचले. त्याचे पहिले विमान चक्क विद्यार्थ्यांच्या वर्गाचा उपक्रम म्हणून बांधले गेले आणि १९७० साली ते आकाशात गेले.

या कहाण्यांत पहिल्या उड्डाणाचे कौतुक फार होते व ते स्वाभाविकही आहे. परंतु बांधणाऱ्याची खरी परीक्षा त्यानंतर, दरवर्षी असते. हौशी विमानाची मागील १२ महिन्यांत संपूर्ण तपासणी होऊन तशी नोंद वहीत झालेली नसेल, तर त्याने उडता कामा नये, असा अमेरिकेतील नियम आहे. या नोंदीखाली सही करणारा माणूस विमान अमुक दिनांकास तपासले व ते सुरक्षित वापरास योग्य आढळले, अशी ग्वाही देतो. ओळ लहान आहे. परंतु तिच्यामागे कित्येक दिवसांचे श्रम असावे लागतात.

विमान हँगरमध्ये घेऊन त्याची सारी झाकणे उतरविली जातात. लाकूड, पोलादी नळ्या, कापड आणि तारा यांनी बनलेल्या या यंत्रात प्रत्येक पदार्थ आपापल्या रीतीने म्हातारा होतो. सांगाड्याच्या तळाशी, शेपटीकडच्या नळ्यांत पाणी साचून गंज धरतो. पंखातील मुख्य लाकडी तुळईला एखाद्या धक्क्याने, लाकडाच्या रेषांना आडवी, केसासारखी चीर पडते. वरचे कापड तसेच ताठ आणि चकचकीत राहते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यास काहीच कळत नाही. ती चीर शोधावयाची तर लहानशा भोकातून विजेरीचा प्रकाश आत टाकून आरशात पाहावे लागते. दोन पंखांना जोडणाऱ्या ताणतारांपैकी काही उड्डाणात पंखांची ओढ सोसतात, तर काही जमिनीवर त्यांचे ओझे पेलतात. त्यांचा ताण तपासावयाचा असतो, आणि तारेच्या धारेवरील बारीकशा खाचेकडेही दुर्लक्ष करून चालत नाही, कारण कंपनाने तार तुटते ती तेथूनच. सुकाणूकडे जाणाऱ्या दोरतारा कप्पीपाशी झिजतात. त्यांवरून फडके फिरविले की तुटलेला धागा त्यात अडकतो. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात दर चौरस इंचास ८० पौंड दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते ते पाहतात. तेलाची गाळणी कापून तिच्यात धातूचे कण आहेत काय हे तपासतात. थंडीच्या दिवसांत उंदरांनी पंखात घरटे केले आहे काय, हेही पाहावे लागते.

आता ही सही कोणी करावयाची? अमेरिकन कायद्याचे या प्रश्नाला दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. ज्याने ते विमान मुख्यतः स्वतः बांधले, त्याला त्या एका विमानाच्या वार्षिक तपासणीपुरते प्रमाणपत्र मिळू शकते. विमान पाचसहा जणांनी मिळून बांधले असले तरी प्रमाणपत्र एकाच्याच नावे होते. म्हणजे उद्या जाब विचारावयाचा झाल्यास बोट कोणाकडे दाखवावयाचे हे आधीच ठरलेले असते. पुढे विमान विकले तर हा अधिकार खरेदीदाराकडे जात नाही. तो आपल्या हाताने दुरुस्ती करू शकतो, मात्र केवळ मालकीच्या जोरावर त्याला वार्षिक सही करता येत नाही; ती मूळ बांधणारा किंवा परवानाधारक मेकॅनिक करू शकतो. मालकी पैशाने मिळते. प्रत्येक जोड स्वतः जुळविल्याने आलेले ज्ञान तसे मिळत नाही, हा भेद येथे कायद्याने मान्य केला आहे.

परंतु याच व्यवस्थेत तिचा धोकाही दडलेला आहे. आपल्या हातच्या कामाविषयी माणसाला ममत्व असते. जी तुळई आपण महिनोन्महिने खपून घडविली, ती तडकली असेल असे डोळ्यांना पाहवत नाही, आणि जे पाहवत नाही ते बहुधा दिसतही नाही. ब्रिटनमध्ये म्हणूनच निराळी पद्धत आहे. तेथे मालकाला देखभाल स्वतः करता येते, पण वार्षिक परवान्यासाठी हौशी वैमानिकांच्या संघटनेने मान्य केलेल्या निरीक्षकाची सही लागते. अमेरिकेतही सुज्ञ बांधणारे, कायद्याचे बंधन नसताना, एखाद्या जाणत्या मित्राला बोलावून झाकणे त्याच्यासमोर उघडतात. कर्त्याचे ज्ञान आणि परक्याची नजर या दोहोंची सांगड घालणारा हा मार्गच अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

हा प्रश्न महाराष्ट्राला अगदीच परका नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०१९ साली उड्डाणाची परवानगी मिळाली. ते बायप्लेन नव्हते, पण त्याच्या निमित्ताने झालेली चर्चा मुख्यतः परवानगीभोवती फिरली. ती का अडली, कोणी दिली, किती वर्षांनी दिली, हे प्रश्न रास्तच होते. तथापि परवानगी एकदाच मिळते आणि विमान रोज जुने होत असते. तेव्हा पुढची पंचवीस वर्षे ते कोण उघडून पाहील, हा प्रश्नही तितक्याच आस्थेने विचारला जावयास हवा.

दाट वस्तीच्या देशात असली हौस परवडणार नाही, असा आक्षेप कोणी घेतील. खाली राहणाऱ्यांची संमती कोणी घेतलेली नसते, हे खरेच आहे. परंतु अमेरिकेतही अशा विमानाला प्रारंभीचे कित्येक तास वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडावे लागते. भाडे घेऊन प्रवासी नेण्यास त्याला मनाई आहे, आणि हे विमान प्रमाणित विमानांच्या नियमांत बसत नाही, अशी पाटी बसणाऱ्याच्या नजरेसमोर लावावी लागते. बंधने नेमकी असली की स्वातंत्र्य देण्याचे भय उरत नाही. आपल्याकडे प्रारंभीची परवानगी मिळविणे दुष्कर, आणि ती मिळाल्यावरची तपासणी पुष्कळदा उपचारापुरती, असा अनुभव पुलांपासून शाळागृहांपर्यंत अनेक बाबतींत येतो. हा क्रम उलटा करण्याची गरज आहे.

'तपासले' हा शब्द शिक्षक वह्यांवर लिहितात, कारकून कागदांवर लिहितात. बायप्लेनच्या नोंदवहीत तो लिहिणारा माणूस मात्र बहुधा दुसऱ्याच दिवशी त्याच विमानात बसून जमीन सोडतो. प्रत्येक सहीमागे असा धाक असणे शक्य नाही. पण सही करण्यापूर्वी झाकण उघडून आत पाहणे, आणि आपल्याच कामाकडे पाहताना दुसऱ्याला शेजारी उभे करणे, एवढे तर कोणालाही शक्य आहे.