गाडी येते म्हणून बोट येत नाही

माझा भाचा शारजाला गॅरेजमध्ये काम करतो. गेल्या वर्षी त्याने दोन मित्रांबरोबर भागीत एक जुनी स्पीडबोट घेतली. २७ फूट लांब, टोकदार नाक, आत पेट्रोलवरचे व्ही-एट इंजिन. गावात बातमी आली तेव्हा दोनच प्रश्न विचारले गेले. केवढ्याला पडली? आणि पळते किती? काही बुजुर्गांनी 'इसराफ' म्हणून तोंड वाकडे केले. बारा वर्षे राबून, घर बांधून, बहिणीचे लग्न करून मग पोराने एक शौक केला, यात मला तरी काही गैर दिसत नाही. आम्हा कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांतले पुरुष जहाजांवर नोकरी करत आले आहेत. बोटीचे वेड आमच्याकडे काही आकाशातून पडलेले नाही.

माझी तक्रार वेगळी आहे.

बी.एड.ला पाठटाचण काढताना आम्हाला आधी 'पूर्वज्ञान' लिहायला लावत. मुलाला जे येते, त्यावर नवे उभे करायचे. वर्गात गेल्यावर कळले की पूर्वज्ञान आडही येते. उर्दूत शिकलेली लहान मुले मराठीची वही मागच्या पानापासून सुरू करतात. वहीचे ठीक आहे, पान फाडता येते. भाच्याचे पूर्वज्ञान होते मोटारगाडीचे, आणि ते घेऊन तो समुद्रात गेला.

बोट त्याने गाडीसारखीच पाहून घेतली. रंग चकचकीत, सीटा नव्या, इंजिनाचा आवाज दमदार. पण बोटीचे वय किलोमीटरवर मोजत नाहीत, इंजिन किती तास चालले ते पाहतात. जुन्या बोटीच्या मागच्या भिंतीत फायबरखाली बरेचदा लाकूड असते. त्यात पाणी मुरले की ते आतून कुजते, वरून काही दिसत नाही. ठोकून पाहिले तर आवाज बद्द येतो. खारे पाणी फिरणारे धुराचे नळकांडे आतून गंजते. पंख्याच्या जोडणीवरचा रबरी भाता चिरला, तर उभ्या बोटीत पाणी शिरते. हे सगळे भाच्याला बिले भरता भरता समजले. शिवाय पूर्ण वेगात असले इंजिन तासाला ८० ते १०० लिटर पेट्रोल सहज पिते. तिघे भागीदार का लागले, ते मला तेव्हा कळले.

पैशाचे एवढे नाही. सुट्टीत मी आणि माझी मुलगी तिकडे गेलो, तेव्हा त्याने आम्हाला फिरायला नेले. बसल्या बसल्या चावी फिरवली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बंद इंजिनखोलीच्या तळाशी साचते. म्हणून आधी निदान चार मिनिटे आतला पंखा चालवून ती बाहेर काढायची असते. नाहीतर एक ठिणगी पुरते. पंख्याचे बटण समोरच होते. सुकाणूशेजारी एक लाल दोरीही लोंबत होती. मी विचारले नाही. त्याच्या मित्रांसमोर मामूने अडाण्यासारखे काय विचारायचे?

बोटीचे नाक वर उठले, समोरचे काही दिसेना, मग ती पाण्यावर सपाट झाली आणि घसरत निघाली. मजा आली, खोटे कशाला बोलू? तेवढ्यात दुसऱ्या एका बोटीने उठवलेली लाट समोर आली आणि भाच्याने गाडीला ब्रेक मारावा तसा वेग एकदम तोडला. बोटीला ब्रेक नसतो. शिवाय असल्या बोटीला वळवतो तो पंख्याचा रेटा. तो गेला की हातातले चाक नुसते फिरत राहते. नाक पाण्यात घुसले, मागची बाजू फिरली आणि मुलगी गुडघ्यावर आपटली. भाचाही सीटवरून निम्मा बाहेर गेला होता.

ती लाल दोरी त्यासाठीच असते. चालवणाऱ्याच्या पायाला किंवा अंगाला ती अडकवलेली असली, तर तो फेकला जाताच इंजिन बंद पडते. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टो इथे मे २०१३मध्ये एक सहा जणांचे कुटुंब बोटीतून फेकले गेले. दोरी अडकवलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरून त्यांच्याच अंगावर आली. बाप आणि आठ वर्षांची मुलगी गेली. अमेरिकेत १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांपेक्षा लहान बोटींना हा नियम आहे. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मामू, माझी सत्तावीसची आहे."

हसण्यावारी न्यायचे तर १८ डिसेंबर २०२४ आठवा. घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे गेली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. तिथे तर चालवणारे नौदलाचे होते. आमचा पोरगा 'मी पंधरा वर्षे गाड्या चालवतोय' म्हणून घरच्या बायकापोरांना बसवतो, आणि आपण त्याचे फोटो कौतुकाने पुढे पाठवतो. शिकलास कुठे, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते, मुलगी पडेपर्यंत.

आता त्याने बोट चालवण्याच्या शिकवणीला नाव घातले आहे. त्याच्या दोन्ही भागीदारांनी अजून घातलेले नाही, आणि चाव्या तिघांकडे आहेत.