बावीस तासांचा नेम

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. कडक लाडू आणि चकल्यांनी निघालेली सिमेंटे, तुटलेल्या दाढा असे दरवर्षीचे पेशंट आवरत आले होते. अशात एक सत्तावीस वर्षांची मुलगी मावशीला सोबत घेऊन दवाखान्यात आली. बँकेत नोकरीला असलेली, चुणचुणीत. खुर्चीत बसायच्या आधीच तिने पर्समधून एक देखणा पांढरा खोका काढून माझ्या टेबलावर ठेवला. आत पारदर्शक प्लास्टिकचे, दातांवर टोपीसारखे बसणारे पातळ ट्रे. प्रत्येक पाकिटावर नंबर, एक ते चौदा.

“डॉक्टर, सहावा चालू आहे. पण खालचा हा पुढचा दात हलायला लागलाय. जिभेने ढकलला तरी हलतो.”

“मी हिला म्हटलं होतं, आधी आपल्या डॉक्टरांना विचार,” मावशींना धीर नव्हता. “पण ऐकतंय कोण? सगळं मोबाइलवर! आणि लग्न मार्गशीर्षात आहे हो. फोटोत दात वेडेवाकडे दिसू नयेत म्हणून हा खटाटोप, आणि आता दातच पडला तर?”

मुलगी खाली मान घालून हसली. हसताना हात तोंडाशी गेला. ही सवय मला फार ओळखीची आहे. पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात असलेली माणसे वर्षानुवर्षे अशीच हसतात. एका ठिकाणी पोह्यांच्या बशा रिकाम्या होत असताना कुणीतरी बाई हिच्यासमोरच म्हणाल्या होत्या, “बाकी सगळं छान, दात तेवढे जरा...” ते वाक्य अर्धेच राहिले, पण हिच्या मनात ते पुरे झाले. म्हणून दात सरळ करायची इच्छा हा नुसता नट्टापट्टा आहे असे मी कधीच म्हणत नाही.

आता हे ट्रे आले कसे, ते ऐका. जाहिरात पाहून तिने पैसे भरले. घरपोच एक लगदा आला. तो दातांवर दाबून तिने स्वतःच माप घेतले आणि कुरिअरने पाठवून दिले. काही दिवसांनी मोबाइलवर तिचे नवे हसू दाखवणारे चित्र आले आणि मागोमाग हा खोका. या सगळ्या व्यवहारात तिच्या तोंडात डोकावून कुणीही पाहिले नव्हते. एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही.

मी पाहिले. खालच्या पटाशीच्या दातांमागे किटणाचा थर, हिरड्या सुजलेल्या, सळई लावताच रक्त. निरोगी हिरडी आणि दात यांच्या फटीत मापाची सळई जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उतरते. इथे ती सहा मिलिमीटर गेली. एक्स-रेमध्ये दाताभोवतीचे हाड बरेच खाली उतरलेले. “ब्रश करताना रक्त येतं का गं?” “येतं, पण मला वाटलं ब्रश कडक आहे.” वाचकहो, हे उत्तर मी आठवड्यातून चार वेळा तरी ऐकते. ब्रश बदलून पाहायला हरकत नाही, पण हिरडीतून वारंवार येणारे रक्त हे बहुतेक वेळा सुजेचे लक्षण असते. ती सूज दुखत नाही, हीच तिची लबाडी.

हिरड्या अशा असताना दात ढकलू नयेत, असे का? त्यासाठी दात सरकतो कसा ते समजून घेतले पाहिजे. लाकडात खिळा ठोकावा तसा दात जबड्यात ठोकलेला नसतो. मुळाभोवती अगदी पातळ, साधारण पाव मिलिमीटरचा, तंतूंचा पडदा असतो आणि त्याच्या आधाराने दात हाडाच्या खोबणीत टांगल्यासारखा राहतो. एका बाजूने हलका दाब सतत राहिला, की दुसऱ्या बाजूचे हाड शरीरच हळूहळू विरघळवते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवे हाड घालते. म्हणजे दात आम्ही सरकवत नाही, आम्ही फक्त सुचवतो. काम शरीर करते. उपचार चालू असताना दात किंचित सैल लागतात ते यामुळेच, त्यात घाबरण्यासारखे नाही. पण हिरडीच्या रोगाने हाड आधीच झिजत असेल आणि त्यावर हा दाब आला, तर विरघळणे चालू राहते आणि भरून येणे मागे पडते. आमच्या या मुलीचे नेमके तेच होत होते.

मी तिचे ट्रे त्याच दिवशी थांबवले. ती रडवेली झाली. पैसे गेले होते आणि लग्नात दात आहेत तसेच दिसणार होते. मावशी म्हणाल्या, “दिसू देत. पडलेल्यापेक्षा वाकडा बरा!”

हे वाचून कुणी अलाइनर म्हणजे फसवणूक असा अर्थ काढू नये. नीट तपासणी करून, योग्य माणसाला दिलेले अलाइनर उत्तम काम करतात. पारदर्शक साच्याने दात थोडे थोडे हलवण्याची कल्पना नवी नाही, अमेरिकेत डॉ. केसलिंग यांनी १९४५ सालीच रबरी साच्याने उपचाराच्या शेवटी दात जागेवर बसवून दाखवले होते. पुढे झिया चिश्ती नावाच्या, दंतवैद्यकाशी काडीचाही संबंध नसलेल्या तरुणाने मोठेपणी तारा लावून घेतल्या. त्या निघाल्यावरची प्लेट लावायची राहिली की दात सरकतात आणि पुन्हा लावली की जागेवर येतात, हे त्याच्या लक्षात आले. मग अशा प्लेटांची मालिकाच का करू नये? केल्सी वर्थ या सहाध्यायिनीबरोबर त्याने १९९७ साली कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी सरकारची परवानगी मिळवली. आज दातांचे स्कॅनिंग करून संगणकावर सगळे टप्पे आखतात, प्रत्येक टप्प्याचा नमुना छापतात आणि त्यावर प्लास्टिक गरम करून बसवतात. एक ट्रे दाताला सुमारे पाव मिलिमीटर हलवतो. आठ-पंधरा दिवसांनी पुढचा.

पण ही गंमत चालते ती एका अटीवर. ट्रे दिवसातून वीस ते बावीस तास तोंडात हवा. तार चिकटवलेली असते, ती तुमचे ऐकत नाही. अलाइनर ऐकतो, आणि तिथेच घात होतो! आपल्या घरांतले खाणे आठवून पाहा. सकाळचा चहा, मग नाश्ता, अकराला ऑफिसात चहा, जेवण, चारचा चहा, त्याबरोबर चिवडा, संध्याकाळी कुणी आले की पुन्हा चहा, रात्री जेवण आणि वर बडीशेप. साधे पाणी सोडून काहीही घ्यायचे तर ट्रे काढायचा. चहा ट्रेवर प्यालात तर प्लास्टिक पिवळे होते आणि गरम चहाने त्याचा आकारही बिघडू शकतो. त्याहून वाईट म्हणजे साखरेचे पाणी ट्रेच्या आत अडकते. एरवी लाळ दात धूत असते, इथे तिला शिरकावच नाही, आणि कीड लागायला आयती सोय. म्हणून खाल्ल्यावर ब्रश, निदान खळखळून चूळ, मगच ट्रे. हे सगळे धरून दिवसातले दोन ते चार तासच मोकळे मिळतात. चहा दोन वेळांवर आणायची तयारी नसेल, तर माझे स्पष्ट मत असे की तारा लावाव्यात आणि निश्चिंत राहावे. माझे काही पेशंट मात्र सांगतात, मधले चरणे बंद झाले आणि वजनही उतरले. तो उपचाराचा भाग नाही, पण असो.

आणखी एक गैरसमज. ‘अदृश्य’ म्हणजे तोंडात काही नाही असे नव्हे. बऱ्याच जणांना दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, ट्रेला पकड मिळावी म्हणून. कुठे दोन दातांमधले आवरण कागदाच्या जाडीइतके घासून जागा करावी लागते. गोल आकाराचे सुळे फार फिरलेले असतील, जबड्यांचीच ठेवण मागेपुढे असेल, तर एकट्या अलाइनरने भागत नाही. तिथे तारा, कधी शस्त्रक्रियाही लागते. वाढत्या वयातल्या मुलांच्या जबड्याला वळण देता येते, मोठेपणी ती संधी निघून जाते. म्हणून मूल सात वर्षांचे झाले की एकदा दात दाखवून आणावेत, दुधाचे दात असले तरी.

दाखवायचे कुणाला? बीडीएस झाल्यावर तीन वर्षे फक्त दातांची ठेवण शिकून एमडीएस झालेले डॉक्टर असतात, त्यांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. पाटीवर ते पाहा, नसेल तर विचारा, संकोच कसला? सुरुवात करण्यापूर्वी एक्स-रे काढला का, हिरड्या तपासल्या का, मधेच काही बिघडले तर समोर बसून बोलायला माणूस कोण, एवढे नक्की करून घ्या. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. टपालाने ट्रे पाठवणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेली माणसे वाऱ्यावर राहिली.

खर्चाचे म्हणाल, तर अलाइनर तारांपेक्षा सहसा बरेच महाग पडतात. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी हिरमुसू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत, मुंबईत नायर दंत रुग्णालयात तारांचे उपचार खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत होतात. इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरू इथल्या वाचकांनीही आपल्या शहरातल्या सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करावी. रांग लागते, वेळ जातो, पण शिकवणाऱ्या प्राध्यापकांची नजर असते. तारेने सरळ झालेला दात आणि अलाइनरने सरळ झालेला दात नंतर ओळखूही येत नाहीत.

आता आमच्या मुलीकडे वळू. लग्न ठरल्या दिवशी झाले. मी गेले होते. दात तसेच होते, पण त्या दिवशी तिने हात तोंडाशी नेलेला मी तरी पाहिला नाही. त्याआधीच हिरड्यांची खोलवर सफाई सुरू केली होती. रोज दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, रात्री दातांच्या फटींतून दोरा. सासरी आजेसासूबाई मिश्री लावायच्या आणि हिलाही आग्रह करायच्या. तिने मला फोन करून विचारले, तेव्हा मीच आजींशी बोलले. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिने हिरड्या घट्ट होत नाहीत, उलट कर्करोगाला आमंत्रण मिळते. आजींची स्वतःची सुटली नाही, पण नातसुनेला आग्रह थांबला.

चार महिन्यांनी रक्त थांबले, फटी तीन मिलिमीटरवर आल्या, दात घट्ट बसला. उतरलेले हाड पुरते परत आले नाही, ते येत नाही. पण आहे ते टिकले, आणि निरोगी हिरडीत कमी हाड असले तरी बेताने दात सरकवता येतात. मग नव्याने माप, एक्स-रे आणि आमच्या ऑर्थोडॉन्टिस्ट सहकाऱ्यांकडून अलाइनर. तेरा महिने लागले.

आणि खरा कंटाळवाणा भाग त्यानंतर सुरू होतो. दात नव्या जागी आले तरी हिरडीतले तंतू कित्येक महिने ताणलेल्या रबरासारखे त्यांना जुन्या जागी ओढत असतात. त्यात वय वाढेल तसे खालचे पुढचे दात थोडे दाटी करतातच, ज्यांनी कधी उपचार घेतले नाहीत त्यांचेही. लोक अक्कलदाढेला दोष देतात, पण पुराव्यांवरून तिचा त्यात फारसा हात दिसत नाही. म्हणून रिटेनर हवा. सुरुवातीला बहुतेक वेळ, पुढे रोज रात्री. किती वर्षे, असे विचारतात. दात सरळ हवे असतील तितकी वर्षे. तो धुवायला गार किंवा कोमट पाणी घ्यावे, उकळते कधीच नाही, आणि तो राहावा डबीतच.

डबीवर मी भर देते त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात रविवारी दुपारी तिचा फोन आला, महाबळेश्वरच्या एका हॉटेलातून. “डॉक्टर, जेवताना रिटेनर काढून टिश्यूपेपरात गुंडाळला होता. वेटरने बशीबरोबर उचलून नेला. हे कचऱ्याच्या डब्यात शोधतायत.”

“शेवटचा अलाइनर जपून ठेवायला सांगितला होता, तो कुठे आहे?”

“घरी, कपाटात.”

“मग त्यांना म्हणावं, डबा राहू द्या. आज रात्री घरी पोचलीस की तो लाव आणि उद्या संध्याकाळी ये, नवं माप घेऊ.”

मागून नवऱ्याचा आवाज आला, “सापडला, सापडला!” मी तिला तो पुन्हा लावू दिला नाही.