निफाडची थंडी व गोठणारे दंव

२०१८ च्या डिसेंबरात निफाडचा पारा २ अंशांखाली उतरला व पहाटे द्राक्षबागांत दंव गोठलेले आढळले. शुद्ध पाणी तर ० अंशावर गोठते; मग हे बर्फ आले कोठून? सुज्ञ वाचकांस ही शंका यावी हे योग्यच आहे. वेधशाळेचा उष्णतामापक जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर, आडोशाच्या पेटीत असतो. तो हवेची उष्णता सांगतो, पानाची नव्हे. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेहूनही थंड होते. म्हणून त्यावरील दंव गोठते. साखर विरघळलेला रस ० अंशाखाली गोठतो हे खरे. पण कोवळ्या मण्यांत साखर अल्प असते, आणि थंडीने त्यांची फुगवण थांबते ती निराळीच.

अशा रात्री बागाईतदार शेकोट्या पेटवितो व पहाटे बागेस विहिरीचे पाणी देतो. थंडीत पाणी देणे उफराटे वाटेल. परंतु ते पाणी हवेहून ऊन असते. शिवाय १ ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० उष्मांक बाहेर टाकते. वर्षाची मेहनत एका पहाटेवर टांगलेली असता तेवढी ऊबही थोडी नव्हे. द्राक्षांचा भाव करिताना आम्हां शहरवासीयांस त्या जागरणाचे स्मरण असावे.