मुदतीची दुसरी बाजू

शिरूरच्या व्यापाऱ्यांपुढे बोलून चार नवे अशील जोडावेत, हा आमच्या करसल्लागार पुतण्याचा हेतू. कुरकुंभच्या कारखानदारांसाठी दौंडला वापरलेलेच टिपण त्याने पुढे केले : 2006 च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे देणे फार तर 45 दिवसांत फेडलेच पाहिजे.

“समोर किराणा-कापडाचे दुकानदार असतील. उद्यम नोंदणी असूनही निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, हे सांगशील ना?”

“काका, मग मला विचारील कोण?”

प्रश्न रास्तच होता. पण त्याच मुदतीची दुसरी बाजू थेट दुकानदाराच्या खातेवहीत शिरते. लघुउत्पादकाचे देणे मुदत उलटून 31 मार्चलाही थकलेले राहिले, तर 2023-24 पासून त्या वर्षी आयकरात त्याची वजावट मिळत नाही. नवे टिपण तेथूनच सुरू झाले. उधारीवसुलीचे पान त्याने बाजूला ठेवले, जरा हळहळतच.