बेढब नांगर ठेवायचा कुठे?

विज्ञान प्रदर्शनात 'हे उपकरण चालते कसे?' एवढेच विचारतात. काम नसताना ते ठेवणार कुठे, याला गुण नसतात. ते असावेत, असे मला वाटते.

वर्ध्याहून समुद्र दूर, पण नांगर ओळखीचा. होडीला जागी धरणाऱ्या लोखंडी साधनालाही आपण नांगरच म्हणतो, आणि तेही मातीत फाळ रुतवूनच काम करते. जुन्या पद्धतीच्या नांगरात वरचा आडवा दांडा फाळांशी काटकोनात असतो. त्यामुळेच नांगर तळावर कलंडून एक फाळ मातीत घुसतो. म्हणजे होडीत नडणारा बेढबपणा पाण्याखाली कामाचा! म्हणून खीळ काढून हा दांडा मुख्य दांड्यालगत सरकवण्याची सोय निघाली. पुढे 1933 मध्ये केंब्रिजचे शास्त्रज्ञ जी. आय. टेलर (स्वतः शिडाच्या होडीचे शौकीन) यांनी शेतातल्या नांगरासारखा फाळ असलेला, सांध्यावर वळणारा नांगर काढला. वजन कमी, पकड घट्ट. पण आकार अडनिडाच. तो बहुधा होडीच्या पुढच्या टोकाशी रुळावर ठेवतात.

मात्र मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की तेच वजन होडीच्या डोलण्यात चौपट जडत्व घालते. टोक लाटेवर चटकन उचलत नाही. त्यामुळे लांबच्या सफरीत नांगर मध्याजवळ, तळाशी आवळून बांधणे योग्यच. किनाऱ्यालगत मात्र तो टोकावरच हवा. वारा पडला आणि होडी खडकांकडे वाहू लागली, तर सामान उपसून नांगर काढायला वेळ कुणाला?