पणजोबांची नोंद कोण वाचणार?

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४ ही जुन्या सरकारी कागदांची नावं धाराशिव जिल्ह्यात पारापारावर ऐकू येऊ लागली. मराठा आरक्षणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, या शोधाने एक उणीव उघड केली. जिल्ह्याला आपल्याच पूर्वजांचे कागद वाचता येत नाहीत.

इथला खापरपणजोबा शोधायचा तर त्याच्या काळी राज्य कोणाचं होतं, हे आधी पाहावं लागतं. १८५३ च्या तहाने निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. इंग्रज अधिकारी मेडोज टेलर कारभार पाहायला आला आणि त्याने जमिनीची पाहणी हाती घेतली. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. नळदुर्ग मागे पडून धाराशिव जिल्ह्याचं ठाणं झालं, पुढे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झालं. १९४८ ची पोलीस कारवाई, १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९८२ मध्ये वेगळा झालेला लातूर जिल्हा; दर वळणावर कारभार बदलला. औशाच्या घराण्याचा जुना कागद म्हणूनच उस्मानाबादच्या नावावर सापडू शकतो.

शेजारची बार्शी तर इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती. भावकीतलं एक घर हद्दीच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे असेल, तर एकाच आजोबांच्या नातवंडांना दोन वेगळ्या राज्यांची दप्तरं धुंडाळावी लागतात.

निजामी कागदांवर फसली साल असतं. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १३४० फसली हे १९३०-३१ च्या सुमाराचं. मजकूर कुठे उर्दूत, कुठे मोडीत. दोन्ही लिप्या वाचणारी आणि महसुली शब्दही जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने कुणबी दाखल्यासाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मानला. पण गॅझेटियरमध्ये जातवार लोकसंख्या असते, माणसांची नावं नसतात. बाप आणि मुलगा यांचा दुवा शेवटी गावच्या कागदावरच जुळतो.

सरकारी दप्तराबाहेरही मोठा ठेवा आहे. तुळजापुरात भोपे, पाळीकर आणि उपाध्ये पुजाऱ्यांच्या घरी गावोगावच्या भक्तांचे कुळाचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कुळाचा पुजारी ठरलेला, त्याच्या चोपडीत कुळाची नावंही लिहिलेली. कर्नाटकच्या सीमेकडून येणारे हेळवी दारात बसून घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात आणि नव्या जन्मांची भर घालतात. ही माणसं चालती-बोलती अभिलेखागारं आहेत. मात्र त्यांच्या पुढच्या पिढीने दुसरा रोजगार धरला, तर चोपड्या माळ्यावर कसरीच्या तोंडी जातील.

अमेरिकेकडून यात शिकण्यासारखं आहे. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी तिकडे गेले. आपण त्यांचे वंशज आहोत असं सांगणाऱ्याला मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेपुढे प्रत्येक पिढीचा पुरावा ठेवावा लागतो: जन्म, लग्न, मृत्यू. घरात ऐकलेली गोष्ट तिथे पुरेशी धरत नाहीत. शोधणाऱ्यांना हे जमतं, कारण गावांच्या आणि चर्चच्या नोंदी छापल्या गेल्या, त्यांच्या सूची झाल्या. बॉस्टनमध्ये १८४५ पासून एक संस्था हेच काम करते आहे. युटातल्या वंशावळ संस्थेने तर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही सूक्ष्मचित्रं घेतली. परदेशी संस्थेला त्या वह्यांचं मोल कळलं. तुळजापूरच्या चोपड्यांचं मोल आपल्यालाच कळायला हवं.

आपल्या वंशावळींतला एक दोषही दूर करायला हवा. बहुतेक वंशावळींत बाप आणि मुलगेच असतात; आई, लेकी, सुना गळून जातात. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्या मजुरांची आणि दलितांची नावं जमिनीच्या पत्रकांत सापडणं अवघड. त्यांच्यासाठी शाळेची जुनी प्रवेश रजिस्टरं आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी हाच आधार. जातीच्या दाखल्यासाठी १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना तर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो तेव्हा अशा घरांची सर्वाधिक ओढाताण होते.

म्हणून जिल्हा प्रशासनाने नुसती पानं स्कॅन करून थांबू नये. गाव, साल आणि नावानुसार मराठी सूची करावी आणि ती प्रत्येक तहसिलीत खुली ठेवावी. मोडी आणि उर्दू वाचनाचे वर्ग जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत सुरू करावेत. शिकलेल्या मुलांना या कामावर मानधन द्यावं. पुजारी आणि हेळव्यांच्या चोपड्यांच्या प्रती त्यांच्या संमतीने घ्याव्यात, मूळ चोपडी त्यांच्याच घरी राहू द्यावी.

कुटुंबांनीही सरकारची वाट पाहू नये. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी या आठवड्यात वही घेऊन बसावं. आजीचं माहेर, पणजीचं नाव, जमिनीचा गट नंबर, जुनं गाव आणि कुळाचा तुळजापूरचा पुजारी, एवढं तरी लिहून घ्यावं.